नमुने ठेवायची जागा

मोहाडी, जि. भंडारा
११ जून २०२४

कुंदन,

खुशाली नंतर लिहीन, लिहावीशी वाटली तर. आठ दिवसांत तुले सहा फोन केले. दोनदा तू मीटिंगमध्ये होता, एकदा गाडी चालवून राहिला होता, बाकीचे तीन वाजून वाजून बंद झाले. कागद मधातच कापता येत नाही, म्हणून कागदावर लिहून राहिली आहे. उत्तरही कागदावरच दे.

जे झालं ते एकदा नीट सांगते. तीन जूनले तू नमुन्यांच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती धाडली. दोन वर्षांतली पहिलीच. प्रदर्शनासाठी नमुने रंगीत छापता यावे म्हणून आपल्या विणकर संस्थेचे सचिव संजीवभाऊ यांनीच तुह्याकडून मागून घेतली होती. तू फोनवर जे जे सांगतलं ते ते मी दाबलं. संस्थेतल्या दोन्ही कॉम्प्युटरवर दाबलं. मंग प्रोग्राम उघडला. आदल्या दिवसापर्यंत साडीच्या करवती काठाचे शहाऐंशी नमुने होते, तिथं पाच उरले. तेही तुह्या बाबाचे नाहीत. तू सुरुवातीले, प्रोग्राम कसा दिसते हे दाखवाले म्हणून टाकलेले पाच. त्यातल्या दोन काठांचे तर दातेही जुळत नाहीत, मी वाचून दाखवले तं मोठेबाबा हसत होते.

तू म्हणाला, परत इन्स्टॉल कर. केलं. अजून एकदा कर. केलं. मंग तुही मीटिंग सुरू झाली.

ते नमुने कसे भरले हे तुले ठाऊक नसन, म्हणून सांगते. मोठेबाबाचे डोळे गेले होते, हात कापत होते, मागावर बसणं सुटलं होतं. रोज दहा वाजता ते संस्थेत येऊन माह्या बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत अन् मांडीवर बोटं ठेवून सांगत: दोन उचल, एक दाब, परत दोन उचल. मी चौकोन भरत जाय. मधात एखादा धागा चुकला तं त्याइले आवाजावरून समजे. "दामिनी, तू आता दोनदा दाबलं," म्हणत. कधी एका काठाले चार दिवस लागत. पावणेदोन वर्षं असं चाललं. माघात ते गेले, तेव्हा शहाऐंशी झाले होते. कागदावर एकही नाही, कायकी तूच म्हणाला होता, "कागद कशाला, यात कायम राहील."

ते तुहे बाबा होते, कुंदन. मी तं पुतणी.

तेवीस जूनले संस्थेची मीटिंग आहे. तिथं मले इचारणार. काय सांगू ते लिही.

दामिनी

⁂

पुणे
१८ जून २०२४

दामिनीताई,
नमस्कार.

पत्र मिळालं. तुझा राग समजू शकतो, पण तुझ्या लिहिण्याचा सूर मला आवडला नाही. गेले ते माझ्या बाबांचे नमुने आहेत. मला काही वाटत नसेल असं समजू नकोस.

आता मुद्द्याचं. कुठलाही प्रोग्राम आपणहून काही पुसत नाही. इन्स्टॉल करताना एक-दोन ठिकाणी तो विचारतो, त्यात तुझ्याकडून चुकीचं काहीतरी दाबलं गेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. मी तुला दोष देत नाही. तू यातलं शिक्षण घेतलेलं नाहीस, अशा चुका पुण्यातली इंजिनिअर मुलंही करतात. पण झालं ते नाकारून चालणार नाही.

दुसरं, दर शनिवारी पेनड्राइव्हवर बॅकअप घ्यायचा, हे मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यासाठी वेगळं बटणही दिलं होतं. तो बॅकअप असेल तर सगळं पाच मिनिटांत परत येईल. नसेल, तर मग मी इथे बसून काय करणार?

संजीवभाऊंचाही फोन आला होता. मीटिंगसाठी त्यांना लेखी काहीतरी हवं आहे, म्हणून त्यांना वेगळं पत्र पाठवलं आहे. त्यात तुझं नाव लिहिलेलं नाही.

आणि एक लक्षात ठेव. हा प्रोग्राम मी संस्थेसाठी माझ्या रविवारी बसून केला, कुणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं तो चालला तेव्हा कुणाचं पत्र आलं नाही. बिघडला की आठ दिवसांत सहा फोन. हे जरा विचार करण्यासारखं आहे.

काकांना आणि काकूंना नमस्कार. आईकडे अधूनमधून जात जा, ती एकटी असते.

तुझा,
कुंदन

⁂

मोहाडी
२७ जून २०२४

कुंदन,

माहं नाव लिहिलं नाही म्हणतोस. संजीवभाऊनं तुहं पत्र मीटिंगमध्ये उभं राहून वाचलं. "संगणक चालवणाऱ्या व्यक्तीच्या हातून चुकून अथवा अन्य कारणाने माहिती पुसली गेली असावी." संस्थेत संगणक चालवणाऱ्या व्यक्ती किती आहेत? एक. मंग नाव लिहाची गरजच काय होती.

अन् ते "अन्य कारणाने." ते दोन शब्द तू काहून लिहिले हे मले सांग. तुले ते सहज सुचले असतीन, तुह्या ऑफिसात असंच लिहित असतीन. इथं त्या दोन शब्दांवर लोक अर्धा तास बोलले. श्यामराव उठून म्हणाला का मागच्या महिन्यात त्यानं नागपुरात पॉवरलूमची साडी पाहिली, तिचा काठ मोठेबाबाच्या, म्हणजे बाबूलालच्या काठासारखा होता. बस. दोन अन् दोन चार झाले. दामिनीनं नमुने व्यापाऱ्याले देल्ले अन् पुरावा राहू नये म्हणून पुसून टाकले. मी म्हटलं, मोठेबाबाच्या साड्या चाळीस वर्षं बाजारात गेल्या, कोणीही एक साडी घेऊन धागे मोजू शकते, त्याले कॉम्प्युटर कायले लागते? कोणी ऐकलं नाही. संस्थेची चाबी टेबलावर ठेवाले सांगतली. ठेवली. रजिस्टरात लिहिलं: गैरवर्तनाच्या संशयावरून कमी केले. त्याच्याखाली माहीच सही घेतली.

आता तुहा बॅकअप. मी कधीच घेतला नसन असं धरूनच तू लिहिलं ना? पेनड्राइव्ह माह्या घरीच होता. काल माह्या दिराच्या लॅपटॉपवर लावून पाहिला. तारखेचे एकशे नऊ फोल्डर आहेत. एकशे नऊ शनिवार, कुंदन. माहा पोरगा तापानं फणफणत होता त्या शनिवारचाही आहे. दर वेळी तुह्या बटणानं हिरव्या अक्षरात "बॅकअप पूर्ण" लिहून दाखवलं, अन् मी पेनड्राइव्ह काढून घरी आली. काल एकेक उघडला. एकशे नऊच्या एकशे नऊ रिकामे. आतमध्ये काहीच नाही. ते रिकामे मी केले का? एवढी हुशार असती तं तुह्याकडून प्रोग्राम कायले बनवून घेतला असता.

रिकाम्या फोल्डरले "पूर्ण" काहून म्हणते तुहं बटण? एवढ्याच प्रश्नाचं उत्तर दे. बाकीचं नाही देल्लं तरी चालन.

मोठ्या आईकडे जात जा म्हणतोस. परवा नळावर गेली होती. मोठी आई पाणी भरून राहिली होती. मले पाहून तिनं हंडा खाली ठेवला अन् आठ-दहा बायांसमोर म्हणाली, "मेलेल्या माणसाचं चोरून खाल्लं हिनं." ज्या बाईनं मले शाळेत असताना हातानं वेणी घालून देल्ली, ती म्हणाली. मी घागर तशीच रिकामी घेऊन परत आली. सासूनं इचारलं पाणी काहून नाही आणलं. काय सांगू तिले?

दामिनी

⁂

पुणे
९ जुलै २०२४

दामिनीताई,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. गोष्ट इतक्या थराला जाईल असं मला वाटलं नव्हतं. संजीवभाऊंशी मी बोलेन.

आता झालं ते धरून बसण्यात अर्थ नाही. मी प्रोग्रामची आणखी सुधारित आवृत्ती संस्थेकडे पाठवली आहे. त्यात माहितीच्या सुरक्षिततेसाठी काही बदल केले आहेत, असा प्रकार पुन्हा होणार नाही. भंडाऱ्याहून कुणीतरी बाई येऊन ती टाकून देणार आहेत.

नागपुरात माझा एक मित्र आहे, त्याच्याकडे डेटा भरायचं घरबसल्या काम असतं. तुझ्यासाठी शब्द टाकू का? संस्थेपेक्षा ते बरं.

आईचं मनावर घेऊ नकोस. ती बाबा गेल्यापासून अशीच चिडचिडी झाली आहे.

कुंदन

⁂

मोहाडी
२ ऑगस्ट २०२४

कुंदन,

मी एकच प्रश्न इचारला होता. त्याचं उत्तर सोडून तू बाकी सगळं लिहिलं, तेव्हाच मले शंका आली होती. पण शंकेवर मी बोलत नाही. माह्यावर लोक शंकेवरच बोलले, ते कसं लागते हे मले माहीत आहे.

भंडाऱ्याहून ज्या बाई आल्या त्याइचं नाव मोनिका. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतेत. संजीवभाऊच्या सांगण्यावरून तुही नवी आवृत्ती टाकाले आल्या होत्या. संस्थेत काम आटोपून त्या पत्ता इचारत माह्या घरी आल्या. ओळख ना पाळख. दारातच म्हणाल्या, "तुमच्यावर आळ आहे असं तिथं ऐकलं. मला एक ओळ दाखवायची आहे."

तू पहिल्यांदा प्रोग्राम आणला तो पेनड्राइव्ह माह्याजवळ होता. त्यावरची फाइल अन् जुलैतल्या आवृत्तीची फाइल त्याइनं लॅपटॉपवर शेजारी शेजारी उघडली. प्रोग्राम बांधताना कोणती वस्तू कोणत्या फोल्डरात टाकाची हे त्या फाइलीत लिहिलेलं असते, असं त्याइनं सांगतलं. मले समजन असं सांगतलं. एक फोल्डर असते "शेअर" नावाचं. त्यात प्रोग्रामसोबत आलेल्या अन् कधी न बदलणाऱ्या गोष्टी ठेवतेत. चित्रं, मदतीची पानं, दाखवाचे पाच नमुने. नवी आवृत्ती आली का जुनं शेअर पुसाचं अन् नवं भराचं, तसंच तू लिहिलं आहे. दुसरं असते "कॉम". सगळ्या कॉम्प्युटरनी मिळून वापराचं, अन् माणसाच्या हातानं रोज बदलन असं जे असते, ते तिथं ठेवाचं. नवी आवृत्ती टाकताना त्याले हात लावाचा नसते.

मोठेबाबाचे शहाऐंशी नमुने तू शेअरमध्ये ठेवले होते.

बॅकअपचं बटण मात्र कॉममधून उचलत होतं. कॉम पहिल्या दिवसापासून रिकामं. ते बटण एकशे नऊ वेळा काहीच नाही ते उचलून पेनड्राइव्हवर ठेवत होतं अन् मले पूर्ण म्हणून सांगत होतं.

इथपर्यंत मोनिकाबाईनं चुकीचं म्हटलं नाही. म्हणाल्या, "नावातच शेअर आहे, घाईत फसतात लोक." मीही मान हलवली. चूक कोणाचीही होते. मंग त्याइनं शेवटची ओळ दाखवली. जुलैच्या आवृत्तीसोबत तू काय काय बदल केले त्याची यादी आपोआप आली आहे. त्यात लिहिलं आहे: "७ जून. नमुन्यांची जागा शेअरमधून कॉममध्ये हलवली."

सात जून. नमुने गेले तीन जूनले. म्हणजे चार दिवसांत तुले समजलं होतं. अठरा जूनले तू मले लिहिलं का तुह्याकडून काहीतरी दाबलं गेलं असन. अकरा दिवस तुले माहीत होतं अन् तू जाणूनबुजून ते पत्र लिहिलं. संजीवभाऊले "अन्य कारणाने" लिहिलं. "तू यातलं शिक्षण घेतलेलं नाहीस" लिहिलं. मले नागपुरात काम देऊन राहिला होता. अन् ते परत परत इन्स्टॉल कर म्हणाला होता ना, मोनिकाबाई म्हणाल्या का पहिल्यांदा पुसल्यावर कॉम्प्युटर बंद ठेवला असता तं काही नमुने तरी काढता आले असते. तीनदा वरून भरलं, आता काही नाही.

माह्या जवळ शिव्या आहेत, पण त्या तुह्यासाठी कमी पडतीन, म्हणून लिहीत नाही.

मोनिकाबाईनं दोन्ही पानं छापून देल्ली आहेत. मी ती संस्थेत नेली नाहीत, अन् मोठ्या आईलेही सांगतलं नाही. मी सांगतलं तं ती म्हणन, आपलं पाप माह्या पोरावर ढकलते. पंचवीस ऑगस्टले रविवारी अकरा वाजता मीटिंग आहे. तू ये. जिथं उभं राहून तुहं पत्र वाचलं, तिथंच उभं राहून सांग. तुह्या आईसमोर.

दामिनी

⁂

पुणे
१४ ऑगस्ट २०२४

दामिनीताई,

खरं आहे. सगळं खरं आहे.

बॅकअप मी आधी नीट लिहिला होता. नमुनेही कॉममध्येच जायचे होते. प्रोग्राम लावायला आलो तो दिवस तुला आठवतो का? संस्थेतला जुना कॉम्प्युटर कॉममध्ये लिहू देत नव्हता, त्याची परवानगी नीट लावायला दोन-तीन तास लागले असते. माझी दुपारची गाडी होती. बाबा खुर्चीत बसले होते, पहिला काठ त्यांच्या ओठावर तयार होता, दर पाच मिनिटांनी विचारत होते, "झालं का रे?" मी शेअर सगळ्यांना लिहायला उघडं करून दिलं आणि नमुन्यांची जागा तिथे वळवली. पेनड्राइव्हवरच्याच फाइलीत एक ओळ बदलली आणि परत इन्स्टॉल केलं. पुढच्या वेळी येईन तेव्हा नीट करू असं ठरवलं. बाबा सांगायला लागले, तू भरायला लागलीस, मी गाडी पकडली. मग ते विसरलो. शपथेवर सांगतो, विसरलो.

सहा जूनला ऑफिसातून आल्यावर फाइल उघडली आणि तीच ओळ दिसली. दुसऱ्या दिवशी ओळ बदलली, जसं काही त्यानं परत येणार होतं. तुला फोन करायचा होता. रोज उद्यावर टाकलं. मग तुझं पत्र आलं, त्यात बाबांच्या मांडीवरच्या बोटांचं लिहिलं होतं. ते वाचल्यावर "मीच पुसलं" हे माझ्यानं लिहवलं नाही. त्याऐवजी जे लिहिलं ते तू वाचलंस.

मले माफ कर म्हणत नाही. तोंड नाही माहं. पण एक मागतो. मी संस्थेले सगळं लेखी देतो, संजीवभाऊनं ते वाचावं, रजिस्टरात लिहावं, तुही चाबी तुले परत द्यावी. फक्त आईले सांगू नको. तिचा बीपी तुले माहीत आहे. बाबा गेले, मी एकटा उरलो तिले. मी काहीतरी मोठं करून राहिलो पुण्यात, असं ती गावभर सांगते. तिच्या नवऱ्याचं काम तिच्याच पोरानं पुसलं, हे तिले कसं झेपन? तेवढं सोड. बाकी तू म्हणशीन ते करतो.

कुंदन

⁂

मोहाडी
१९ ऑगस्ट २०२४

कुंदन,

नाही.

मोठ्या आईले झेपणार नाही म्हणतोस. दामिनीनं पुसलं, हे तिले दोन महिने झेपलंच ना? तेव्हा तुले तिचा बीपी आठवला नाही. तिले जे झेपत नाही ते तू माह्यावर ठेवलं अन् आता ते तिथंच राहू दे म्हणतोस.

माहा पोरगा पाचवीत आहे. त्याले वर्गातल्या पोरानं इचारलं, तुही आई चोर आहे का? त्यानं घरी येऊन मले इचारलं नाही. माह्या सासूले इचारलं.

तुहं लेखी मले नको. तुह्या लेखी कागदानंच माही ही गत केली. रविवारी अकरा वाजता दोन्ही पानं मी टेबलावर ठेवणार आहे. मोठ्या आईले घ्याले मी सकाळीच माणूस पाठवणार आहे. तू आला तं तू सांगशीन, नाही आला तं मोनिकाबाई सांगतीन. त्या येतो म्हणाल्या आहेत. परक्या आहेत, तरी येऊन राहिल्या.

दामिनी

⁂

मोहाडी
५ सप्टेंबर २०२४

कुंदन,

हे दामिनीच्या हातानं लिवून राहिली आहे. बोल माहे आहेत. जसं सांगन तसंच लिवाचं, एकही शब्द गोड कराचा नाही, असं तिले बजावलं आहे.

तू रविवारी आला. संस्थेत उभा राहिला अन् सगळं सांगतलं, कागद दाखवले, रडला. संजीव म्हणाला, एवढं कबूल कराले हिंमत लागते. श्यामरावनं तुह्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, बाबूलालचं रक्त आहे. मंग तुले बसाले खुर्ची देल्ली, चहा देल्ला. मी उठून घरी निघाली ते तुले वाटलं मले चक्कर आली. मले चक्कर नव्हती आली. दोन महिने जिले सगळ्यांनी चोर म्हटलं ती कपाटाजवळ उभी होती, तिले कोणी बस म्हटलं नाही, अन् खरं बोलल्याचा मान तुले भेटून राहिला होता. ते मले पाहवलं नाही.

घरी आल्यावर तू माहे पाय धरले अन् चूक झाली म्हणाला. चुकीचं मी काही म्हणतच नाही. तुह्या बाबानंही हातभर विणलेला काठ चुकला म्हणून उसवला आहे, मी पाहिलं आहे. पण तुले जूनच्या पहिल्या हप्त्यात माहीत होतं. त्यानंतर मी नळावर तिले ते बोलली. मेलेल्या माणसाचं चोरून खाल्लं म्हणाली. ते बोल माह्या तोंडचे आहेत, ते मीच भोगीन. पण त्या संध्याकाळी मी तुले फोन करून सांगतलं होतं, का मी तिले असं असं सुनावलं. तुले आठवते का तू काय म्हणाला? "आई, तू जास्त टेन्शन घेऊ नको." एवढंच म्हणाला. माह्या तोंडातून तू तिले चोर म्हणवलं अन् वरून माही काळजी केली. माहा राग त्याचा आहे. तो जाणार नाही, तू वाट पाहू नको.

तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी दामिनीच्या घरी गेली. तिनं पाणी देल्लं, बस म्हटलं नाही. बरोबर केलं. हे लिवताना तिचा हात थांबला होता, मी म्हटलं लिव. मी उभ्यानंच सांगतलं का माहं चुकलं. मंग मी म्हटलं, वही काढ.

तुम्ही सगळे म्हणता का शहाऐंशी काठ एका माणसाच्या डोक्यात होते अन् तो गेला. करवती काठ एकट्यानं विणता येते का रे? आडवा धागा फेकाले तीन धोटे असतेत. दोन काठांचे दोन अन् मधातल्या कोशा रेशमाचा एक. तुहे बाबा एका अंगाले बसत. दुसऱ्या अंगाले एकोणचाळीस वर्षं कोण बसलं होतं? तू त्याच मागाखाली रांगला. प्रोग्राम बसवाले आला त्या दिवशी मी डबा घेऊन संस्थेत आली होती. तू, तुहे बाबा अन् दामिनी, तिघं कॉम्प्युटरपुढं बसून होते. मी डबा ठेवला अन् परत आली. कोणी म्हटलं नाही का तूही बस, तुलेही येते. तू नाही, दामिनी नाही. तुह्या बाबानंही म्हटलं नाही. त्याइच्यावरचा राग आता कुठं काढू? तो राहणार.

सगळे मले येत नाहीत. सत्तावीस पक्के आहेत, दहा-बारा अर्धे. बाकीचे गेले. ते तुह्यामुळे गेले, हे तू जन्मभर लक्षात ठेव, कोणाच्या खुर्चीनं अन् चहानं विसरू नको. आम्ही आता रोज दुपारी बसतो. आधी वहीत लिवतो, मंग मोनिकाबाई म्हणतीन त्या जागी टाकू. प्रोग्राम आता त्याइच्या हाती दे. तू त्याले हात लावू नको.

संजीव चाबी घेऊन आला होता. दामिनीनं घेतली नाही. म्हणाली, ज्या रजिस्टरात मले काढलं त्याच रजिस्टरात लिवा का ते खोटं होतं, त्याच लोकांसमोर वाचा, अन् खाली या वेळी तुम्ही सगळे सह्या करा. येत्या रविवारी वाचणार आहेत. मी पुढं बसणार आहे. तू येऊ नको. तू आला का लोक परत तुलेच पाहतीन.

आपल्या घरी तू कधीही ये. तुह्या पोटाले भाकर आहे, ते काही कोणी काढून घेतलं नाही. पण येशीन तेव्हा आधी दामिनीच्या दारात जाशीन. एकटा जाशीन. तिथं मीटिंग नसन, ऐकाले कोणी नसन, पाठीवर हात ठेवाले श्यामराव नसन. ती बस म्हणन का नाही, मले माहीत नाही. उभ्यानं बोलशीन. तिचं जे काही असन ते पूर्ण ऐकशीन.

मंग घरी ये.

तुही आई,
विजयमाला